डॉज किंग्जवे १९५२: गुळाच्या वखारीतून रस्त्यापर्यंत, कामाच्या नोंदी

कोल्हापुरात शाहूपुरीत आमची जुनी गुळाची वखार आहे, तिथं १९९८ च्या पावसाळ्यापासून उभी असलेली डॉज परत रस्त्यावर आणायला घेतली आहे. अशी गाडी अजून कुणाच्या गोठ्यात नाहीतर वाड्यात पडून असेल तर त्यांचे पैसे आणि महिने वाचावेत म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही, शेतीपंपांचं दुकान चालवतो, त्यामुळे कामाचा वार रविवार. मदतीला शेजारचे मामा, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली, वय ७१.

शनिवार, ८ जून २०२४

पोती आणि ढेपांच्या फळ्या हलवण्यातच सकाळ गेली. पत्र्यातून गळणारं पाणी नेमकं डाव्या मागच्या कोपऱ्यावर पडायचं, तिथला फ्लोअर बोटाने दाबला तर बोट आत जातंय. बाकी बॉडी धडधाकट. चारही चाकं जाम, इंजिन जाम, ब्रेकचं पेडल दाबलं ते खालीच राहिलं. सीटच्या कापसात उंदरांची तीन-चार घरटी.

बल्कहेडवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यातला पत्रा) प्लेट डिझेलच्या फडक्याने पुसली आणि वाचता आली. ही गाडी अमेरिकेतून सुट्या भागांत पेट्या भरून आली आणि कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये जोडली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला काढलेली कंपनी, क्रायस्लरशी करार होता. (शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना तर त्याच्याही आधी, १९२८ पासून.) आमच्या थोरल्या आबांनी ही १९५२ ला मुंबईतनं घेतली, तेव्हाचं आरसी बुक आजीच्या पेटीत सापडलं, पानं पिवळी पण अक्षर न अक्षर वाचता येतंय. ते बुक पहिल्यांदा शोधा, गाडीला हात लावायच्या आधी. का ते पुढे लिहितो.

महत्त्वाची गोष्ट, जी मला सप्टेंबरपर्यंत कळली नव्हती म्हणून इथं वरच टाकतोय (ही ओळ नंतर घातलेली आहे): किंग्जवे नाव डॉजचं असलं तरी गाडी आतून प्लायमाउथ आहे. बाहेरदेशी विकायला क्रायस्लरने प्लायमाउथच्याच बॉडीवर डॉजची जाळी आणि नाव लावलं. इंजिन २१७.८ क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ३.६ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला. त्यामुळे पार्ट मागवताना अमेरिकेतल्या १९५२ च्या डॉजचे नाही, त्या साली जी प्लायमाउथ होती तिचे मागवायचे.

रविवार, १६ जून

चाकं काढायला घेतली. उजवीकडची दोन्ही निघाली, त्रास झाला पण निघाली. डावीकडचा एक बोल्ट हलेना. पान्याला चार फुटी पाइप लावून मी अंगाचं सगळं वजन टाकलं, पहिला तुटला, दुसराही तुटला. तिसऱ्याच्या डोक्यावर मामांनी वायर ब्रश मारला तर इंग्रजी एल अक्षर कोरलेलं. ह्या गाड्यांना डावीकडच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, आपण ज्याला आवळणं म्हणतो तिकडे फिरवलं की सुटतात. मी तासभर ते जास्तच आवळत बसलो होतो.

तुटलेले काढणं मात्र सोपं गेलं. उलट्या आट्यांमुळे साध्या ड्रिलचा फिरायचा रोख आणि बोल्टचा सुटायचा रोख एकच, ड्रिल आत धरला की तुटका तुकडा आपसूक फिरत बाहेर आला. नवीन दोन बोल्ट मामांनी उद्यमनगरात करून आणले, दोन्हीचे ७०० रुपये.

रविवार, २३ जून ते रविवार, १४ जुलै

इंजिन. इथं मी क्रम चुकलो. चाकं निघाली होती, ब्रेकचे ड्रम समोर होते, त्याच वेळी ब्रेकला लागायला हवं होतं. पण सगळ्यांनाच, मलाही, इंजिनाचा आवाज ऐकायची घाई.

प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) असं ओतून ठेवलं, दर दोन दिवसांनी परत भरलं. दोन आठवड्यांनी क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून बघितलं, हलेना. मग हेड काढलं. पाचव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाडी उभी राहिली तेव्हा उघडा राहिलेला, त्यातून ओल आत गेली, रिंगच्या वर गंजाचा गोट बसला होता. बारीक पॉलिश पेपरने तो गोट घासून काढला आणि पिस्टनवर सागवानी ठोकळा ठेवून मामांनी हलक्या हाताने टोले मारले. ते दर टोल्याला थांबून हाताने पिस्टनचा माथा चाचपत होते, सरकलं का बघत. साधारण चाळीसाव्या टोल्याला केसभर सरकला. त्यानंतर अर्ध्या तासात क्रँक पूर्ण फिरला.

एक्झॉस्टचे तीन व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले. बाजूचं झाकण काढून, डिझेल सोडत, वर-खाली करत सोडवले, सगळ्या सीट (व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती गोल कड) हाताने घासून बसत्या केल्या. हेड गॅसकेट नवीन, मुंबईहून, २,८०० रुपये.

हेड बसवताना एक चूक. ह्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट खाली पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात. आट्यांना सीलंट लावल्याशिवाय बसवले तर पाणी आट्यांतून वर चढतं. मला माहीत नव्हतं, कोरडेच आवळले. पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार बोल्टांच्या डोक्याभोवती पाण्याची गोल चकती. सगळे एकेक काढून परत सीलंट लावून बसवले. एक रविवार गेला.

रविवार, ४ ऑगस्ट

सुरू झाली!

ही गाडी ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची प्लस वायर बॉडीला जाते. इथला कुठलाही इलेक्ट्रिशियन सवयीने मायनसच अर्थ करणार, त्यामुळे बॅटरीजवळ लाल रंगाने मोठं लिहून ठेवा. ६ व्होल्टची गाडीच्या मापाची बॅटरी गावातल्या बॅटरीवाल्याकडून तीन सेल जोडून करून घेतली, ६,२०० रुपये.

टायमिंग लावायला सहाव्या सिलिंडरच्या बरोबर वर हेडमध्ये एक छोटा प्लग दिलेला आहे. तो काढून आत तार सोडायची, पिस्टन वर येताना तार वर येते, थांबली की पिस्टन टोकाला. सहावा वर असतो तेव्हा पहिलाही वर असतो, फक्त दोघांतला एकच कॉम्प्रेशनवर. मी सहावा कॉम्प्रेशनवर असताना रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा, प्लगना ठिणगी वाटणारा) पहिल्याच्या वायरकडे लावला. दुपारभर कार्बोरेटरमधून फटाके. मग मामांनी पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरला आणि मला क्रँक फिरवायला लावला, "हवा अंगठ्याला ढकलंल तवा थांब." मग सगळ्या वायरी अर्धा फेरा पुढे घेतल्या, ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४.

संध्याकाळी पावणेसहाला दोनदा खाकरली आणि धरलं. आईला बोलवायला पोरगं पळत गेलं. आई येऊन काही बोलली नाही, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. लग्न होऊन ती ह्याच गाडीतनं ह्या घरात आलेली.

नऊ मिनिटं चालली, मग मागच्या बाजूने हेड तापायला लागलं, बंद केली.

रविवार, ११ ऑगस्ट

हे कुणी करू नका. ब्रेक नसताना, निव्वळ हँडब्रेकच्या भरवशावर, वखारीच्या अंगणात चाळीस फूट चालवली. थांबली तेव्हा बंपर आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर. पोरं टाळ्या वाजवत होती, माझे पाय पेडलवर थरथरत होते. त्या रात्री ठरवलं, पाण्याचं काम उरकलं की ब्रेक, आणि ब्रेक होईपर्यंत गाडी स्वतःच्या ताकदीवर एक इंच हलवायची नाही.

१८ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर

पाण्याची नळी. ज्यांच्याकडे क्रायस्लर, डॉज, प्लायमाउथ, डिसोटो यातलं कुठलंही सहा सिलिंडरवालं जुनं इंजिन आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या आत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्र्याची एक चपटी लांब नळी असते. तिला जागोजागी भोकं. पंपाचं गार पाणी त्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ पोचतं, पुढच्या सिलिंडरला जेवढं तेवढंच मागच्या. ही नळी गंजून खलास झाली की सगळं पाणी पुढेच वळतं आणि पाचवा-सहावा सिलिंडर भाजत राहतो. डॅशबोर्डवरचा काटा ठीक दाखवत असतो आणि मागे व्हॉल्व्ह जळत असतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

रेडिएटर काढल्याशिवाय नळी बाहेर येत नाही, लांबच एवढी आहे. रेडिएटर काढला, पंप काढला, आकडा घालून ओढली तर हातात चार इंचाचा तुकडा. उरलेली काढायला सळीच्या टोकाला वेगवेगळे आकडे वळवून तीन रविवार गेले, मधला गणपतीचा. ब्लॉकच्या बाजूच्या डम्या (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) ठोकून काढल्या तर आत पाणी जायची जागाच नाही, काळ्या गाळाचा घट्ट थर. सहाव्या सिलिंडरच्या मागून स्क्रूड्रायव्हरने खरवडून जवळजवळ तांब्याभर गाळ निघाला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी प्रेशरने पाणी मारलं, स्वच्छ पाणी यायला अर्धा दिवस.

नवीन नळी पितळी पत्र्याची, भांड्यांचं काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली, ९०० रुपये. गाडी चालू केली, मागून परत तापते. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर मोजत गेलो: पुढे ७६ अंश, मागे १०३. दोन दिवस डोकं खाजवलं. मग जुने तुकडे परत टेबलावर मांडले तेव्हा कळलं. आम्ही भोकांची मापं जुन्या तुकड्यांवरून घेतली होती, पण गंजाने त्या भोकांच्या कडा खाऊन ती मोठी झालेली. पुढच्या मोठ्या भोकांतच सगळं पाणी पडून जात होतं. एका तुकड्याला एक कड शाबूत होती, तेवढ्यावरून मामांनी मूळ माप काढलं. दुसरी नळी, परत ९००. आता पुढे ७८, मागे ८४.

रेडिएटरचा कोअर नवीन टाकला, ११,५०० रुपये. तो नुसता धुऊन वापरता आला असता असं मला अजून वाटतं.

ह्याच महिन्यात ब्रेकचं सामान अमेरिकेतून मागवलं, आणि तिथं वर लिहिलेला डॉज-प्लायमाउथचा घोटाळा झाला. डॉजचं लायनिंग (ड्रमला घासणारा थर) मागवलं, आपल्या शूला (ते लायनिंग ज्यावर बसतं त्या कमानीला) बसेना. ते परत पाठवण्याचा खर्च मालापेक्षा जास्त म्हणून पडून आहे, ७,४०० रुपये गेले.

रविवार, २९ सप्टेंबर

मागचे ड्रम. अॅक्सलचं टोक निमुळतं, त्यावर ड्रम चावीने आणि नटाने घट्ट बसलेला. बाजारात मिळणारा तीन पायांचा पुलर लावलात तर ड्रमची कड तुटेल. आधी कुणीतरी अॅक्सलच्या टोकावर हातोडे मारलेले दिसतात, आटे छत्रीसारखे पसरले होते, ते कानस घेऊन नीट करावे लागले.

मामांनी जाड प्लेट कापून पुलर केला. चाकाच्या बोल्टांच्या पाचही भोकांना प्लेट बांधायची, मधल्या मोठ्या स्क्रूने अॅक्सलच्या टोकावर रेटा द्यायचा. नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे ठेवायचे, नाहीतर सुटलेला ड्रम अंगावर येतो. स्क्रू आवळला, टोला दिला, परत आवळला, परत टोला. रात्री आठपर्यंत काही नाही. मामा म्हणाले, "राहू दे तसाच ताणावर, लोखंडाला बी झोप लागंल." सकाळी दुकानात जायच्या आधी डोकावलो तर ड्रम नटावर येऊन टेकलेला. दुसरा ड्रम मात्र चार रात्री बसला.

रविवार, ६ ऑक्टोबर

आज वाईट झालं असतं.

उजवी मागची बाजू जॅकवर होती, ड्रम काढलेला, हँडब्रेक ओढलेला. चाकांना ठोकळे लावले नव्हते, मला वाटलं हँडब्रेक आहे. मामा बॅकप्लेटच्या (ड्रमच्या मागची पत्र्याची चकती) खाली हात घालून व्हील सिलिंडरचा (ब्रेकचे शू ढकलणारा छोटा सिलिंडर) बोल्ट सोडत होते. मामी चहा घेऊन आल्या. मामांनी हात बाहेर काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि कप घेतला, तेवढ्यात गाडी पुढे सरकली. वखारीच्या जमिनीला दाराकडे थोडा उतार आहे. जॅक आडवा झाला आणि गाडीचं मागचं सगळं वजन बॅकप्लेटवर आपटलं, जिथं हात होता बरोब्बर तिथं. कप अजून मामांच्या ओठालाही लागला नव्हता.

कोणीच काही बोललं नाही. मामांनी चहा पूर्ण प्यायला, मग खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, "पोरा, ह्याचा हँडब्रेक कुठं बसतोय ते बघितलं हुतंस काय?"

नव्हतं बघितलं. ह्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर एक ड्रम असतो, तो धरतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असतील तर गाडी उभी राहते. एक बाजू उचलली की शाफ्ट जागेवर धरलेला असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेली बाजू उलटी फिरायला मोकळी होते आणि खालचं चाक गाडीला घेऊन निघतं. म्हणजे एक बाजू जॅकवर असताना हँडब्रेक आहे आणि नाही, सारखंच.

त्याच संध्याकाळी चार लोखंडी घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) विकत घेतल्या, ४,८०० रुपये, आणि सागाचे आठ ठोकळे कापून आणले. बॅकप्लेट वाकली होती, ती उद्यमनगरात प्रेसवर सरळ करून घेतली. खंडेनवमीला अवजारांची पूजा केली तेव्हा मामींनी सगळ्यात आधी हळदकुंकू त्या घोड्यांना लावलं.

१० नोव्हेंबर ते २९ डिसेंबर

दिवाळी झाल्यावर बरोबरचं सामान आलं. ब्रेकला एकूण सहा व्हील सिलिंडर, पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आणि मागे एकेक, मास्टर सिलिंडर, तीन होज, लायनिंग. ड्युटी धरून ६१,००० रुपये, ह्या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि जो मी परत एकदा विचार न करता करीन. जुन्या सिलिंडरना स्लीव्ह घालून काम झालं असतं, मामांचंही तेच मत होतं. पण ह्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाडीसारखे दोन भाग नाहीत, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एका क्षणात जातो, आणि हँडब्रेक कसा आहे ते वर लिहिलंय. म्हणून सगळ्या लोखंडी पाइपाही नवीन ओढल्या. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरच्या खाली आहे, ऑइल बघायला गालिचा उचलून झाकण काढावं लागतं, त्यामुळे पूर्वी कुणी बघतच नसावं. आतून पूर्ण गंजलेला.

सगळं बसवून हवा काढली तरी पेडल अर्ध्याच्या खाली आणि ढकलून बघताना गाडी डावीकडे ओढते. वरच्या कॅमने शू जवळ आणत राहिलो, चार वेळा. मग लक्षात आलं की इथं दोन जुळवण्या आहेत. वरचा कॅम रोजच्या झिजेसाठी. पण शूच्या मुळाशी जो अँकर बोल्ट आहे तोही एकांगी आहे, फिरवला की शूचं मूळ आत-बाहेर होतं, आणि लायनिंग नवीन टाकलं की तो आधी लावावा लागतो. नाहीतर शू ड्रमला टोकालाच टेकतो. कंपनीच्या काळात ह्यासाठी खास गेज होता. आम्ही जुन्या हबला एक पट्टी वेल्ड केली, पट्टीला खिळ्यासारखा टोकदार बोल्ट, त्याचं टोक ड्रमच्या आतल्या व्यासाला लावलं, आणि तो हब स्पिंडलवर घालून हाताने फिरवत शूच्या दोन्ही टोकांपाशी फीलर गेज घालत गेलो. एका चाकाला दीड तास. चारही झाल्यावर पेडल दाबलं तर दोन इंचात दगडासारखं घट्ट.

किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना) बुश ह्याच काळात मामांनी गनमेटलचे करून दिले. टायर ६.७०-१५ मापाचे, ट्यूबसह चारांचे २७,००० रुपये.

१२ जानेवारी २०२५

वायरिंग. जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण बोटात चुरा होऊन येतंय, एकही ठेवली नाही. सगळी नवीन, फ्यूज बॉक्ससकट ९,४०० रुपये. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरायचा, मी स्टार्टर उघडायला काढलाही होता. दोष केबलमध्ये होता. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, आणि मी दुकानातून आजच्या गाडीची तयार केबल आणून लावली होती. वेल्डिंगची जाड केबल घातली, अर्थचीही तेवढीच जाड, बॉडीवरचा रंग खरवडून. आता किल्ली दिली की लगेच उचलते. लोक १२ व्होल्ट करून घ्या म्हणतात, माझं मत केबल नीट असेल तर गरज नाही.

१६ फेब्रुवारी

डिपस्टिकवर ऑइल वाढलंय! वास घेतला तर पेट्रोल. पेट्रोल पंप इंजिनाच्या बाजूला कॅमवर चालतो, त्यातला पडदा फाटला की पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ते तसंच चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती. पडदा मीच सहा महिन्यांपूर्वी नवीन टाकलेला, साध्या रबराचा, आणि आता मऊ पडून सुरकुतलेला. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या प्रकारचं रबर त्यात टिकत नाही. व्हायटॉनचा (इथेनॉल सोसणारं रबर) पडदा आणि तसाच होज टाकला, १,६०० रुपये, ऑइल बदललं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करतोय.

२ मार्च ते ८ मे

कागद. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, पुढे परत नोंदणी करताना ५,०००. आधी नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर तोच राहतो, कधीच नोंदणी नसेल तर व्हीए मालिकेतला नवा नंबर. नोंदणी दहा वर्षांची. फॉर्म २०, इन्शुरन्स, जुनं आरसी, आणि बाहेरून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. म्हणून म्हटलं, आरसी बुक पहिल्यांदा शोधा.

चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. ह्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत पुढे डिझेल इंजिनं घातली गेली. थोरल्या आबांनाही लोकांनी तेच सुचवलेलं, त्यांनी ऐकलं नाही म्हणून आज हे शक्य झालं. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, डायनॅमोच्या वर कोरलेला असतो. आमच्या ब्लॉकवर मी उत्साहात जाड रंग मारून ठेवला होता, तपासणीच्या दिवशी तो तिथंच थिनरने काढत बसावं लागलं.

पाडव्याला गाडी बाहेर काढायची असं घरात ठरलं होतं, ३० मार्च. कागद आले नव्हते, नाही काढली. अंगणातच गुढीजवळ उभी केली. फॉर्म २३ए, म्हणजे व्हिंटेज नोंदणीचं प्रमाणपत्र, हातात आला तो ८ मे ला. ही नोंदणी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल असल्या कामांनाच रस्त्यावर नेता येते.

रविवार, ११ मे

पहाटे साडेपाच, पेट्रोल भरायला. मी, शेजारी मामा, मागे आई. रात्री वळीव पडून गेलेला, रस्ता ओला. पहिल्या गिअरमध्ये दाराबाहेर आल्यावर लगेच ब्रेक दाबला, सरळ थांबली, कुठे ओढली नाही. परत थोडं पुढे, परत दाबला. चौथ्यांदा मामा म्हणाले, "आता चालीव की रं." स्टीअरिंग जड आहे पण थोडा वेग आला की हलकं होतं. क्लच सोडताना अजून थरथरते.

रंकाळ्याच्या बाजूने वळून एकूण साडेअकरा किलोमीटर. थांबल्या थांबल्या हेडवर थर्मामीटर धरला: पुढे ८०, मागे ८५. चारही ड्रमना हात लावून बघितला, डावा पुढचा जरा जास्त गरम, त्याचा एक कॅम अर्धा फेरा मागे घेतला. आई उतरली नाही, काच खाली करून बसून राहिली, म्हणाली सीट पूर्वी अशी टोचत नव्हती.

आजपर्यंतचा खर्च सगळा मिळून २,१४,००० रुपये आणि अकरा महिने, त्यातले निदान तीन महिने माझ्या चुकांचे.

राहिलेली कामं: इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून रात्रीत रुपयाएवढा डाग पडतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तेव्हाच क्लचची प्लेट बघणार. डाव्या मागच्या फ्लोअरचा पत्रा, पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि सीटची स्प्रिंग, ती ह्याच रविवारी.